तराई १९४७ आधी ओसाड होती का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चाकणहून नोकरीच्या निमित्ताने तुम्ही उत्तराखंडच्या तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात, रुद्रपूरला आलात. घरमालक सरदारजी सांगतात की त्यांचे आजोबा फाळणीनंतर इथे आले तेव्हा वाघ आणि गवत सोडून काही नव्हतं, सगळी जमीन त्यांनी हाताने उघडली. कारखान्यातला खटीम्याचा थारू आदिवासी सहकारी म्हणतो की ही जमीन आमच्या पूर्वजांची होती, बाहेरचे लोक येऊन बसले. आणि तिसरे कोणी वरिष्ठ सांगतात की मलेरियामुळे तराईत माणूस कधी राहूच शकत नव्हता. मुलीला शाळेतून ‘आमच्या गावाचा इतिहास’ लिहून आणायला सांगितलंय, तर वहीत नेमकं काय लिहायचं?

मी मूळचा अकोल्याकडचा. एम.एस्सी.साठी १९८४ मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात आलो आणि नंतर बियाणे उत्पादनाच्या कामात तराईतच तीस वर्षं काढली. हे तीनही दावे मी शेकडो बांधांवर उभं राहून ऐकले आहेत, आणि सांगणारा माणूस खोटं बोलतोय असं मला एकदाही वाटलं नाही. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. इथे माणसं राहत होती का, हा एक. जमीन कोणाची होती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर माती आणि पाणी देतात, दुसऱ्याचं कागद देतात. घरमालक पहिल्याबद्दल बोलतायत आणि तुमचा सहकारी दुसऱ्याबद्दल, म्हणून त्यांचं जुळत नाही.

आधी एक पथ्य सांगतो. तराई म्हणजे एक प्रदेश असं धरून चाललात तर उत्तर चुकेल. काशीपूर फार जुनं गाव आहे. खटीमा आणि सितारगंजच्या बाजूला थारूंची गावं, बाजपूर-गदरपूरकडे बुक्सा या दुसऱ्या आदिवासी जमातीची. दिनेशपूर आणि शक्तिफार्म पूर्व बंगालच्या निर्वासितांनी वसवलं. रुद्रपूर-किच्छा पट्ट्यात सरकारी फार्म आणि पंजाबकडून आलेली कुटुंबं. एकमेकांपासून वीस-तीस किलोमीटरवरच्या गावांचे इतिहास इथे वेगळे आहेत. तुमचे घरमालक त्यांच्या गावापुरतं जे सांगतात ते काशीपूरला लागू पडत नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण बाकी सगळं तिच्यामुळे घडलं. हिमालयातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी आल्या की दगडगोटे टाकतात. हा गोट्यांचा पट्टा म्हणजे भाबर. हल्द्वानी, रामनगर, कालाढुंगी भाबरात. तिथे पाणी इतकं झपाट्याने खाली मुरतं की उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं दिसतं, विहीर खणायची तर खूप खोल जावं लागतं. मुरलेलं पाणी पुढे दक्षिणेला, जिथे बारीक गाळ आणि चिकणमातीचे थर लागतात तिथे, पुन्हा वर येतं. तो पट्टा तराई. आपल्याकडे कालव्याखालच्या जमिनीला उपळ फुटते ना, तसं समजा. फक्त ही उपळ निसर्गाने फोडलेली आणि शेकडो किलोमीटर लांब. पाणथळीत उगवलेलं उंच गवत वर्षानुवर्षं कुजून माती काळी, भुसभुशीत झाली. आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीशी रंग जुळतो, जात नाही. आपली काळी माती तडकते, चिकटते, तिचा रंग सेंद्रिय पदार्थांमुळे नाही. इथली माती गवताने काळी झालेली आहे. मी पहिल्यांदा मूठभर माती हातात घेतली तेव्हा ती चक्क कुजलेल्या शेणखतासारखी लागली होती.

म्हणजे माती उत्तम, पाणी मुबलक. तरी वस्ती टिकत का नव्हती? कारण तेच पाणी डासांना जन्म देतं.

पण ‘टिकत नव्हती’ म्हणजे ‘झालीच नव्हती’ असं नव्हे. चिनी प्रवासी ह्यूएन त्संग सातव्या शतकात ‘गोविषाण’ नावाच्या नगरात आला होता. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ते ठिकाण काशीपूरजवळचा जुना किल्ला म्हणून ओळखलं. पुढे कुमाऊँच्या चंद राजांच्या काळात हा पट्टा डोंगरातल्या राज्याचं धान्याचं कोठार होता. रुद्रपूर हे नाव रुद्र चंदाचं आणि बाजपूर बाज बहादुर चंदाचं, अशी इथली परंपरा आहे. तराईला तेव्हा ‘चौरासी माल’ म्हणत आणि नऊ लाखांचा वसूल देणारा म्हणून ‘नौलखिया माल’सुद्धा. खरोखर नऊ लाख येत होते की नाही ही गोष्ट बाजूला ठेवा. ज्या जमिनीला वसुलावरून नाव पडतं ती ओसाड असू शकत नाही.

मग अठराव्या शतकात हे सगळं मोडलं. रोहिल्यांच्या स्वाऱ्या कुमाऊँवर झाल्या, चंद घराणं आतून पोखरलं गेलं, १७९० मध्ये गोरख्यांनी कुमाऊँ घेतलं. याच काळात आपल्या माणसांचाही इथे पाय लागला आहे. १७५१ मध्ये अवधचा नवाब सफदरजंग याच्या मदतीला मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे गेले, तेव्हा बंगश आणि रोहिले पठाण हटत हटत याच पायथ्याच्या जंगलात शिरले आणि तिथे ठाण मांडून बसले. मराठ्यांनी महिनोन् महिने वेढा दिला. शेवटी १७५२ मध्ये तह करूनच प्रकरण मिटलं. उघड्या मैदानात मराठी घोडदळापुढे न टिकणारा शत्रू तराईत शिरला की हाताला लागत नाही, ही गोष्ट त्या वेळच्या तराईचं वर्णन म्हणून वाचण्यासारखी आहे. शंभर वर्षांनी नानासाहेब पेशवेही इंग्रजांपासून बचावासाठी इथून पूर्वेकडे नेपाळच्या तराईतच गेले. जंगल आणि ताप मिळून ही एक तटबंदीच होती.

राज्य मोडलं की बांध फुटतात, चर बुजतात, साचलेलं पाणी वाढतं, गवत परत येतं, ताप वाढतो आणि उरलेली माणसंही निघून जातात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात पाहिली ती अशी मोडलेली तराई, आणि ती मुळातच निर्मनुष्य आहे असं अनेकांनी धरलं.

पण माणसं होती. थारू आणि बुक्सा होते. मातीच्या जाड भिंतींची, गवताने शाकारलेली घरं, भात, गुरं, मासे, आणि जमीन थकली किंवा गावात रोग आला की वस्ती हलवायची. बाहेरच्या माणसाला ही शेती वाटायची नाही, कारण दर वर्षी त्याच बांधात तोच शेतकरी दिसत नसे. थारूंना ताप कमी बाधतो हे पहाडातल्या लोकांना पूर्वीपासून माहीत होतं. नेपाळच्या तराईतल्या थारूंवर १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात, शेजारच्या इतर लोकांच्या तुलनेत त्यांच्यात मलेरियाचं प्रमाण सुमारे सात पटींनी कमी आढळलं, आणि त्यांच्या रक्तात अल्फा थॅलेसेमियाचा, म्हणजे मलेरियापासून काहीसं संरक्षण देणारा आनुवंशिक, गुण फार मोठ्या प्रमाणात सापडला. असा गुण एका-दोन पिढ्यांत समाजभर पसरत नाही. किती पिढ्यांनी तापात मुलं गमावली असतील तेव्हा कुठे तो पसरला असेल, याचा विचार करा. तुमच्या वरिष्ठांना माझ्या वतीने एवढंच सांगा: मलेरियामुळे इथे माणूस राहू शकत नव्हता हे खरं असतं, तर थारूंच्या रक्तात हा पुरावा सापडला नसता.

आता कागद. हेन्री रॅमसे १८५६ ते १८८४ कुमाऊँचे कमिशनर होते. त्यांनी भाबरात दगडी बांधणीच्या गुला काढल्या. गूल म्हणजे पाण्याचा पाट. डोंगरातून पाणी निघालं तिथेच ते पाटात धरायचं, म्हणजे गोट्यांत मुरायला नको. पहाडातले शेतकरी हिवाळ्यात खाली उतरून पेरणी करायचे आणि गरमी सुरू झाली की वर परतायचे. हल्द्वानी अशीच हिवाळी बाजारपेठ म्हणून वाढली. तिचं नावच ‘हल्दू’च्या झाडांवरून, आपण ज्याला हेद म्हणतो त्याच्यावरून आलंय. १८८४ मध्ये रेल्वे इथवर पोचली. याच भाबरात कालाढुंगीला जिम कॉर्बेट यांनी १९१५ मध्ये छोटी हल्द्वानी हे गाव घेतलं आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली. ती आजही बघायला मिळते. मुलीला नक्की घेऊन जा. जंगलाच्या सीमेवरची शेती म्हणजे निम्मं काम पेरण्याचं आणि निम्मं पीक राखण्याचं, हे त्या भिंतीपाशी न सांगता कळतं.

पण त्या काळातली सर्वांत मोठी गोष्ट भिंतीत किंवा पाटात नाही, व्यवस्थेत आहे. तराई आणि भाबराचा मोठा भाग ‘सरकारी इस्टेट’ झाला. म्हणजे मधे जमीनदार नाही, सरकारच जमीनदार आणि कसणारा सरकारचं कूळ. थारू-बुक्सा पिढ्यान् पिढ्या राहत होते, पण कागदावर ते कुळं होते, आणि ज्या जमिनीवरून त्यांची वस्ती फिरत असे ती कागदावर मोकळी, सरकारी. तुमच्या घरमालकांच्या आजोबांना दिलेली जमीन ‘रिकामी’ होती ती या अर्थाने. त्यांना ती कोणाकडून हिसकावून घ्यावी लागली नाही, सरकारने मोजून दिली. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथेच सुरू होते, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून सुटलेल्या जवानांना इथे जमिनी देऊन वसवायची योजना आखली गेली. ती उभी राहते न राहते तोच फाळणी झाली. गोविंद वल्लभ पंत तेव्हा संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री होते आणि ते मूळचे कुमाऊँचेच, त्यांना हा पट्टा ठाऊक होता. पश्चिम पंजाबातून आणि पूर्व बंगालातून उखडलेली कुटुंबं इथे आणली गेली. सरकारी ट्रॅक्टरांनी जंगल आणि गवत मोडलं. हे गवत बैलजोडीच्या आवाक्यातलं नव्हतं. कांस नुसता वरून कापला तर पुढच्या पावसात दुप्पट जोमाने येतो, त्याची मुळं खोलवरून उलटवावी लागतात. जुन्या शेतकऱ्यांकडून मी ऐकलंय की पहिली काही वर्षं पिकापेक्षा कांसच जास्त निघायचा, रात्री मचाणावर टिन वाजवत बसावं लागायचं, आणि घरात कोणी ना कोणी तापाने पडलेलं असायचं. हे कष्ट खरे आहेत. थारूंचा हक्क सांगताना ते पुसले जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

तरीही एक प्रश्न उरतो. या आधीच्या वसाहती मोडल्या आणि हीच का टिकली? माझ्या मते ट्रॅक्टर दुसऱ्या क्रमांकावर आहे, पहिलं डीडीटी हे कीटकनाशक. १९४९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मलेरिया पथकाने तराईत काम सुरू केलं, १९५३ पासून राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला. रक्त पिऊन जड झालेला डास घराच्या आतल्या भिंतीवर विसावतो. भिंतीवर डीडीटी असेल तर तो तिथेच मरतो, आणि एका माणसाचा ताप दुसऱ्याला देणारा दुवा तुटतो. दलदल तशीच राहिली तरी तापाची साखळी तुटली. तराईच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ताप ही थारूंची अदृश्य भिंत होती. ती पडल्यावर बाहेरच्या माणसाला इथे राहणं सोपं झालं आणि जमिनीची किंमत एका पिढीत कुठल्या कुठे गेली.

त्यानंतरचा भाग माझ्या धंद्याचा आहे, म्हणून थोडा रेंगाळतो. फूलबागजवळच्या १६,००० एकरांच्या तराई स्टेट फार्मच्या जमिनीवर इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने कृषी विद्यापीठ उभं राहिलं. १७ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं, आणि पुढे त्याला पंतांचं नाव मिळालं. नवी जमीन पहिली काही वर्षं भरभरून देते आणि मग एकाएकी रुसते. इथेही तेच झालं. भाताची रोपं लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खुजी राहायची, पानांवर काथ्यासारखे तांबूस डाग पडायचे. लोक त्याला ‘खैरा’ म्हणायचे आणि रोग समजून औषधं मारायचे. यशवंत लक्ष्मण नेने यांनी पंतनगरात काम करून १९६६ मध्ये दाखवून दिलं की हा जंतूंचा रोग नाही, जमिनीत जस्त कमी पडतंय. हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो चुना १,००० लिटर पाण्यातून फवारला की पीक सावरतं. नुसत्या मातीच्या काळ्या रंगावर विसंबलं की काय होतं ते मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून शिकवत आलो. नेने यांनी पुढे भारतीय शेतीच्या इतिहासासाठी एक संस्थाच उभी केली, हेही मुलीला सांगा. मराठी नावाचा माणूस तराईच्या भाताशी असा जोडलेला आहे.

आपल्याशी आणखी एक धागा सोयाबीनचा. इलिनॉयहून आलेल्या वाणांचे प्रयोग १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूर इथे झाले. तराईत सोयाबीन फारसं रुजलं नाही, भात-गहू-ऊस यांनी जागा धरली. पण आज विदर्भ-मराठवाड्यात जे पीक सगळीकडे दिसतं, त्याच्या भारतातल्या वाटचालीची सुरुवात तुमच्या घरापासून तासाभराच्या आतल्या शेतांवर झाली आहे. पुढे १९६९ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून तराई बियाणे प्रकल्प आला. बुटक्या गव्हाचं बियाणं इथून देशभर जाऊ लागलं आणि निर्वासितांची मुलं बियाणे उत्पादक शेतकरी झाली. वस्ती टिकण्याचं तिसरं कारण हे. नुसतं पीक येऊन भागत नाही, त्याला चढा भाव देणारा ग्राहक लागतो.

आता तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं. थारू आणि बुक्सा यांना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळालं १९६७ मध्ये. म्हणजे वसाहत सुरू झाल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी. आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाऊ नये यासाठीची कडक तरतूद उत्तर प्रदेशच्या जमीन कायद्यात त्याहूनही उशिरा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. मधल्या काळात कर्ज, लग्न, आजारपण, कधी नुसता न वाचता येणाऱ्या कागदावरचा अंगठा, अशा वाटांनी कितीतरी जमीन हातची गेली. एका बुक्सा म्हाताऱ्यांनी मला त्यांचंच जुनं शेत दाखवलं होतं. त्यावर ते तेव्हा मजुरीला जात होते. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. बियाण्याचा प्लॉट कुठे घ्यायचा ते मी त्या दिवशी त्यांना विचारून ठरवलं आणि ते बरोबर निघालं.

उलट बाजूने, १९६० च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतरही इथे मोठमोठे फार्म राहिले, आणि ते सगळे निर्वासितांचे नाहीत. निर्वासिताला मिळालेला तुकडा बहुधा छोटा असे. ‘बाहेरचे लोक येऊन बसले’ या एका वाक्यात छावणीतून आलेलं बंगाली कुटुंब आणि शेकडो एकरांचा फार्मवाला एकत्र बांधले जातात. ते वेगळे करून बघा.

मग वहीत काय लिहायचं? मी असं लिहीन: तराईत जुन्या काळापासून वस्ती होती, ती अनेकदा उभी राहिली आणि मोडली, मधल्या काळात थारू आणि बुक्सा टिकून राहिले, १९४७ नंतर आलेल्या लोकांनी मोठ्या कष्टाने शेतं उघडली, आणि ती शेतं ज्या जमिनीवर उघडली गेली तिथे आधीच्या लोकांचा वावर होता पण नाव नव्हतं. चौथीतल्या मुलीलाही हे समजेल.

पडताळायचं असेल तर तीन गोष्टी करा. गावांची नावं बघा: ‘फार्म’ शेवटी असलेलं, शक्तिफार्मकडचं टागोरनगरसारखं, किंवा पुढाऱ्याच्या नावाचं गाव बहुधा १९४७ नंतरचं असतं. तहसिलीत जुन्या बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन महसूल ठरवतानाचे, कागद बघायला मिळाले तर कुळाच्या रकान्यात कोणती नावं आहेत ते वाचा; तुमच्या सहकाऱ्याच्या घरातून एखादं नाव जुळण्याची शक्यता आहे. आणि घरमालकांना त्यांच्या पहिल्या बोअरबद्दल विचारा. मी आलो तेव्हा इथे कित्येक ठिकाणी जमिनीत पाइप घातला की मोटारीशिवाय पाणी उसळून वर यायचं. त्यातल्या एका पाइपाखाली मी उन्हाळाभर आंघोळ केली आहे. आता त्या पाइपावर मोटार बसली आहे. उन्हाळी भात, ज्याला इथे साठा म्हणतात, ऐन उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी उपसतो. प्रशासनाने तो रोखायचे प्रयत्न केलेत, पण पैसा लवकर हातात येतो म्हणून शेतकरी सोडायला तयार होत नाही. तुमचा कारखाना ज्या औद्योगिक वसाहतीत आहे तीही विद्यापीठाच्या शेतजमिनीवर उभी राहिलेली आहे. तिथल्या पहिल्या बोअरला पाणी किती फुटांवर होतं आणि आज किती फुटांवर आहे, हे दोन आकडे मिळाले तर मुलीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून घ्या, आणि मलाही कळवा. माझ्याकडे १९८६ पासूनच्या काही बोअरच्या नोंदी आहेत, ताडून बघता येईल.